अकरा नंबरची बाही

तात्यांचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट. एका अंगाला घड्याळं दुरुस्त करणारा, दुसऱ्या अंगाला वह्या-पेनांचं दुकान, आणि मधे ती चार हात रुंदीची जागा, जिथं पूर्वी जिना होता. जिना काढला, जागा उरली आणि उरलेल्या जागेत तात्या मावले. माणूसच तसा होता, उरल्यासुरल्या जागेत मावणारा. अंगानं काटकुळा, बोलायला कमी, पाय दुमडून बसला की गाठोड्याएवढा दिसायचा. डोळ्यावर जाड भिंग, गुडघ्यावर कापड आणि बोटांत एवढीशी सुई, की समोरच्याला वाटावं, हा माणूस रिकाम्या चिमटीनं हवा शिवतोय.

तात्या रफूवाले होते. त्यांना कुणी शिंपी म्हटलं की राग यायचा, पण तो राग ते पुढच्या टाक्यात गिळून टाकायचे. शिंपी असलेलं कापड कापतो आणि जोडतो. रफूवाला नसलेलं कापड विणतो. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा उपसायचा, उभा उभ्यात, आडवा आडव्यात, एक वर, एक खाली, असं करत भोक भरून काढायचं. चांगला रफू दिसत नाही. उत्तम रफू दाखव म्हटलं तरी दाखवता येत नाही. तात्यांचा उत्तम होता. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमान बाळगावा असं दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतंही.

ही विद्या त्यांना मामानं दिली. मामा शिकवताना दोनच गोष्टी सांगायचा. एक, घाई करायची नाही. दुसरी, फाटलं कुठं ते बघायचं, कसं ते विचारायचं नाही. "लोक आपल्याकडं कपडा नाही आणत रे," मामा म्हणायचा, "झाकायची गोष्ट आणतात. तू तोंड उघडलंस की गिऱ्हाईक तोंड फिरवणार."

म्हणून तात्यांनी चाळीस वर्षं विचारलं नाही. पण न विचारता त्यांना कळायचं. खिळ्यानं फाटलेलं कापड कोनात फाटतं, कडा सरळ राहतात. उंदरानं कुरतडलेल्याची कड वेडीवाकडी. ठिणगीच्या भोकाला काळा काठ. आणि एखाद्यानं दुसऱ्याची गचांडी धरलेली असली, की गुंडीपाशी कापड नुसतं फाटत नाही, ताणतं. धागे एकमेकांपासून लांब सरकतात, घाबरून बाजूला झाल्यासारखे. गल्लीतल्या कुठल्या घरात काय चाललंय, हे तात्यांच्या बोटांना कळायचं आणि बोटांपाशीच राहायचं.

गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी होती आणि टाकीमागं म्हाताऱ्या माणसांचं निवासस्थान. दुमजली, पिवळ्या रंगाची इमारत, पुढं ओळीनं कुंड्या. ते चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे साहेब म्हणत. साहेब गोड माणूस. रस्त्यानं निघाले की दोन्ही बाजूंना नमस्कार वाटत चालायचे. ज्यांची मुलं लांब, ज्यांना मुलंच नाहीत, ज्यांची मुलं चार पावलांवर आहेत पण घरात खाट मावत नाही, अशी सतरा-अठरा माणसं तिथं होती. सगळ्यांना एकाच ताग्यातलं फिकट निळं जाड कापड. पुरुषांना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायजमा, बायकांना पूर्ण बाह्यांचा झगा. कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं खाटेचा नंबर.

दर मंगळवारी तिथली मदतनीस बाई तात्यांच्या पुढ्यात एक गाठोडं टाकायची आणि शनिवारी घेऊन जायची. रविवारी भेटायला माणसं येत. रविवारी प्रत्येकाच्या अंगावर धडका कपडा पाहिजे, असा साहेबांचा कटाक्ष होता.

पहिल्या वर्षी गाठोड्यातून जे यायचं ते वयाचं फाटणं होतं. विरलेली कोपरं, झिजलेले गुडघे, उसवलेले खिसे. मग थंडी सरता सरता एका मंगळवारी तात्यांच्या हातात एका झग्याची बाही आली. काठापासून दोन बोटं आत, मनगट जिथं येतं तिथं, कापड चारी बाजूंनी घासलं गेलं होतं. बोटभर रुंदीचा पट्टा नुसती जाळी झाला होता, दोन जागी आरपार. दुसरी बाही पाहिली. तीही तशीच. कॉलर उलटली. अकरा.

तात्यांनी शेजारी मान वळवली. "काय रे, घड्याळानं बाही झिजते का?"

घड्याळवाल्यानं डोळ्यातलं भिंग काढलं. "झिजते. पट्ट्याची कडी लागते तिथं. का, घड्याळ घेतोयस? घे. निदान गिऱ्हाइकाला खरा वार तरी सांगशील."

"गोल झिजते का? सगळीकडून?"

"गोल कशी झिजेल? घड्याळ काय मनगटाभोवती फेर धरतं?"

"आणि दोन्ही हातांना?"

"दोन घड्याळं बांधणारा माणूस भेटला तर आधी माझ्याकडं पाठव. असं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही."

तात्या हसले. मग त्यांनी जाळी झालेले धागे कातरून काढले, कडा साफ केल्या आणि बाही विणायला घेतली. पुढच्या मंगळवारी तशा तीन जोड्या आल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी पाच, आणि पायजम्याचे दोन पाय, घोट्यापाशी गोल झिजलेले.

तात्यांचं लहानपण वासरांमागं गेलेलं. वासराच्या मानेला दावं कसं काचतं हे त्यांनी पाहिलेलं होतं. जे वासरू एका जागी गुमान उभं राहतं, त्याला दावं एका बाजूनं घासतं. जे सुटायला बघतं, ते ओढतं, फिरतं, दुसऱ्या अंगानं ओढतं, पुन्हा फिरतं. त्याच्या मानेचे केस गोल उडतात. तिसऱ्या मंगळवारी अकरा नंबरची बाही बोटांवर फिरवता फिरवता तात्यांना ती मान आठवली आणि सुई थांबली.

थोडा वेळच थांबली. पुढचे तीन महिने तात्या त्या बाह्या विणत राहिले. हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं तात्यांनीही ते कुणापासून लपवलं नाही.

त्यांची बायको घरी बसून गुंड्या लावायची, काठ दुमडायची. तिच्या वाटणीला एरवी रफू झालेलेच कपडे यायचे. एका मंगळवारी मात्र तात्या गाठोडं तसंच घरी घेऊन आले आणि जेवायला बसले. तिनं गुंड्यांसाठी एक झगा उचलला, बाही उलटी केली आणि उजेडात धरली.

"हे काय आहे हो?"

"झिजलंय."

"झिजलंय ते मला दिसतंय. मला अजून भिंग लागलेलं नाही. कशानं झिजलंय?"

"आपल्याला काय करायचंय?"

"तुमच्या मामानं तुम्हाला सुई दिली आणि बदल्यात जीभ काढून घेतली." ती बोलता बोलता थांबली. तिनं आपला हात त्या बाहीत घातला. झिजलेला पट्टा बरोबर तिच्या मनगटावर बसला. दुसऱ्या हातानं तिनं तो पट्टा मुठीत धरला आणि तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "बांधतात."

तात्या ताटाकडं बघत राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"पडत असतील. म्हातारी माणसं. पडू नयेत म्हणून बांधत असतील."

"मग शनिवारच्या आत बुजवून कशाला मागतात? चांगल्यासाठी बांधतात तर रविवारी दिसलं म्हणून काय बिघडतं?"

तात्यांनी ताट बाजूला सारलं.

"ही अकरा नंबर कोण आहे?"

"मला काय माहीत? माझ्याकडं नंबर येतो."

"मग बघून या," ती म्हणाली आणि झगा घडी घालून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्या रविवारी तात्या गेले. शनिवारी एक सदरा मुद्दाम मागं ठेवला होता, तो द्यायचं निमित्त. दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. फरशी ओली आणि स्वच्छ, खिडक्या उघड्या. म्हाताऱ्या माणसांचे केस विंचरलेले होते आणि सगळे निळ्या कपड्यांत, शाळेतल्या पोरांसारखे. भेटायला आलेली माणसं खुर्च्यांच्या कडेला टेकून बसली होती आणि घड्याळाकडं बघत नाही असं दाखवत होती. कुठंही काही वावगं नव्हतं. तात्यांना एकेका मनगटावर आपलं काम दिसत होतं, आणि ते त्यांच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हतं.

खिडकीपाशी एक बाई एकटीच बसली होती. तात्यांनी आधी बाही ओळखली, अकरा नंबरची, मग चेहरा. गणिताच्या बाई. अर्ध्या गल्लीला त्यांनी पाढे शिकवले, तात्यांच्या मुलीला अपूर्णांक शिकवले. लग्न केलं नाही, भाऊ होता तो गेला. पूर्वी त्या वर्गात शिरल्या की फळासुद्धा सरळ उभा राहायचा असं मुलं म्हणत. आता खुर्चीत त्यांच्या दोन्ही बाजूंना एवढी जागा उरली होती की आणखी एक बाई मावली असती.

"तुम्ही तिचे वडील ना," बाई म्हणाल्या. "ती छेद विसरायची. जमायला लागलं का तिला?"

"जमलं, बाई. आता तिचीच मुलगी कॉलेजात आहे."

"तरी सांगा तिला. छेद समान केल्याशिवाय बेरीज करायची नाही." त्यांनी उजव्या हाताचं बोट डाव्या बाहीच्या काठावरून हळूच फिरवलं, बरोबर तिथं. "हे तुम्ही करता ना?"

"हो."

"छान करता. कुणाला कळत नाही."

आवाजात राग नव्हता. बरोबर आलेलं गणित तपासून वही परत करावी तसं त्या बोलल्या. तात्यांनी मागं पाहिलं. दारात साहेब उभे होते, नेहमीसारखे हसत.

मंगळवारी गाठोडं आलं. त्यात अकरा नंबरचा झगा होता. उद्या चौकीत जायचं, हे तात्यांचं ठरलं होतं. तो झगा त्यांनी बाजूला काढून ठेवला, मांडीवर घेतला, आणि उद्या काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, हे घोळवत बसले. हात मोकळे राहिले. चाळीस वर्षांत ते हात फाटकं कापड मांडीवर घेऊन कधी रिकामे बसले नव्हते. शिवाय साहेबलोकांपुढं फाटकं घेऊन जायचं नाही, ही रीत हाडात मुरलेली. दिवेलागणीला तात्या भानावर आले तेव्हा दोन्ही बाह्या धडक्या झाल्या होत्या. त्यांना त्यात काही चुकलं असं वाटलंही नाही. काम झालं होतं, एवढंच वाटलं.

बुधवारी सकाळी चौकीत हवालदार होता आणि कोपऱ्यात एक शिपाई नखं कापत बसला होता. हवालदाराच्या गणवेशाची पॅन्ट तात्यांनीच दोनदा रफू केलेली.

"या तात्या, बसा. काय चोरीबिरी?"

"नाही. तक्रार नाही. सांगायचं होतं."

"सांगा."

"माझं नाव नको."

"बरं, नाव नको. बोला."

तात्यांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं. मग पिशवीतून झगा काढून टेबलावर ठेवला. हवालदारानं बाही उलटी केली, सुलटी केली, खिडकीपाशी नेली.

"कुठं फाटलंय?"

"इथं. गोल."

"हे तर धडकं आहे."

"मी रफू केलाय."

"मग फाटलेलं कुठं आहे?"

"तेच बुजवलं मी."

कोपऱ्यातला शिपाई खुसखुसला. "तात्या, तुम्ही घर फुटलं म्हणून सांगायला आलात आणि येताना भिंत बांधून आलात."

हवालदार हसला नाही. तो बरा माणूस होता. पण त्यानं हात उघडे केले, म्हणजे मी काय करू. तात्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "थांबा," ते म्हणाले, "दाखवतो." त्यांनी खिशातून सुई काढली, भिंग चढवलं आणि चौकीतल्या बाकावर बसून आपलंच काम उसवायला लागले. एक धागा उपसायचा, दुसरा सोडवायचा. शिपाई उठून बघायला आला, रस्त्यावरची दोन माणसं दारात थांबली. एवढ्या वर्षांत तात्यांनी पहिल्यांदा स्वतःचा रफू उसवला. अर्ध्या तासानं त्यांनी बाही पुढं केली.

हवालदारानं पाहिलं. "आता भोक आहे खरं. पण तात्या, हे तर तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत पाडलंत. उद्या वरचे विचारतील, तर मी काय सांगू?"

तात्यांनी बाही हातात घेतली. भोकाच्या कडा स्वच्छ होत्या, विणायच्या आधी कातरलेल्या. ती घासलेली जाळी, तो काचलेला पट्टा, ती कुसं, सगळं काल त्यांनीच झाडून टाकलं होतं. बोटांना ते आजही कळत होतं. पण बोटांचं कुणी लिहून घेणार नव्हतं.

"न शिवलेलं आणा," हवालदार म्हणाला, "नाहीतर नावानिशी लिहून द्या. दोन्हीतलं एक तरी लागेल."

"पुढच्या मंगळवारी आणतो," तात्या म्हणाले. घरी येऊन त्यांनी तो झगा पुन्हा विणला, कारण शनिवारी तो परत जायचा होता आणि रविवारी बाईंच्या अंगावर असायचा होता.

पुढच्या मंगळवारी गाठोडं आलं नाही. चौकीत हसलेला शिपाई गल्लीतही हसला होता, आणि गल्लीतलं हसू टाकीमागं पोचायला वेळ लागत नाही. गाठोड्याऐवजी साहेब आले. स्टुलावर बसले, इकडंतिकडं बघून म्हणाले, "किती छोटी जागा हो तुमची. डोळ्यांना त्रास होत असेल."

"सवय आहे."

"आता विश्रांती द्या त्यांना. आम्ही नवे कपडे शिवून घेतोय." मग आवाज न बदलता ते म्हणाले, "तात्या, मी काही लपवत नाही. आम्ही बांधतो. तुमच्या औषधवाल्यालाच विचारा. त्याच्या वडिलांना त्याच्याच सहीनं बांधतो. उघडं दार दिसलं की ते चालायला लागतात. गाडीखाली आले तर तुम्ही येणार आहात?"

"आणि गणिताच्या बाई?"

"त्यांना कुणी नाही. सही कुणाची घेऊ?"

"त्या तर चालत नाहीत कुठं."

साहेब उठले, पॅन्टला लागलेले दोरे झटकले. "त्या पत्रं लिहितात," ते म्हणाले. "हात मोकळे राहिले की लिहीत बसतात. याला पत्र, त्याला पत्र. बाकीच्यांची मनं बिघडतात."

ते गेल्यावर घड्याळवाल्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मग एवढंच म्हणाला, "मी काही ऐकलं नाही हं, तात्या."

दुपारी तात्या औषधांच्या दुकानात गेले. औषधवाला गोळ्या मोजून पुडीत बांधत होता. तात्यांनी त्याच्या वडिलांच्या मनगटांचं सांगितलं. त्याचा हात थांबला नाही.

"माझे बाबा एका वर्षात तीनदा हरवले, तात्या. तिसऱ्यांदा धरणाच्या काठावर सापडले. मी आणि बायको पाळी लावून जागायचो. एकदा मी उभ्या उभ्या झोपलो, इथं, याच टेबलापाशी. तुम्ही नेता का त्यांना तुमच्या घरी?"

तात्या म्हणाले, "निदान एकदा बघ तरी. कापड फाटेस्तोवर ओढतात ते."

"मला सांगू नका." औषधवाल्यानं पुडी गिऱ्हाइकाच्या हातात दिली. "मला माहीत नाही तोवर मला दोन घास जातात."

बुधवार गेला. गुरुवार गेला. तात्या दुकानात बसून होते. नावानिशी लिहून द्यायचं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं कळत होतं. गिऱ्हाइकांची झाकली मूठ उघडणाऱ्या रफूवाल्याकडं कोण कपडा टाकणार? पण खरी अडचण ती नव्हती. लिहायचं तर सगळं लिहावं लागणार होतं, आणि सगळं लिहिलं की त्यात साहेबांच्या जोडीला आणखी एक नाव येणार होतं. दोरी साहेबांची होती. तिचा माग ज्यानं पुसला, तो माणूस या फटीत बसला होता.

शुक्रवारही गेला. रविवारी बायको त्यांच्यासमोर येऊन बसली. पाच दिवस ती कामापुरतं बोलत होती.

"दुकान बसेल म्हणून भिता?"

"बसेलच."

"त्या दुकानात आहे काय? तुम्ही आणि एक सुई. दोन्ही घरी आणा, मी जागा करून देते."

"मला पण विचारतील ते."

"विचारू देत. मी इतकी वर्षं तुम्हाला प्रश्न विचारतेय, तुम्ही मेलात का?"

सोमवारी सकाळी तात्या चौकीत गेले. हवालदारानं त्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथं चौकीच्या मुख्य मॅडम होत्या. वयानं तात्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी कागद ओढला आणि तात्या सांगत गेले तसं लिहीत गेल्या. कधीपासून, कुठले नंबर, कुठल्या बाजूची बाही. तात्यांना सगळे नंबर पाठ होते. शेवटी ते म्हणाले, "आणखी एक लिहा. हे कुणाला दिसू नये म्हणून ते मीच बुजवत होतो. तिसऱ्या आठवड्यापासून मला कळलं होतं. तरी बुजवलं."

मॅडमनी पेन उचललं. "असं लिहिलं तर तुम्हालाही प्रश्न विचारले जातील. साक्षीदार म्हणून, कदाचित नुसते साक्षीदार म्हणून नाही."

"विचारा," तात्या म्हणाले. खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. गल्लीत ते कुणाला माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी मॅडम, हवालदार, सरकारी डॉक्टर आणि तात्या टाकीमागच्या पिवळ्या इमारतीत शिरले. कुणाला कळवलेलं नव्हतं. रविवारचा दिवाणखाना बुधवारी वेगळा होता. खिडक्या बंद होत्या आणि लघवीचा वास होता. वरच्या मजल्यावर सात माणसं खाटांना बांधलेली सापडली, चादरीच्या पट्ट्यांनी. एकाच्या मनगटाखालची पट्टी सोडवताना डॉक्टरांनी ती आधी पाण्यानं भिजवून घेतली. साहेब कुणाला तरी फोन लावत होते आणि मधून मधून म्हणत होते, "सह्या आहेत, माझ्याकडं सह्या आहेत."

मग मॅडमनी सगळ्यांना खाली आणून ओळीनं बसवलं आणि तात्यांना म्हणाल्या, "आता दाखवा."

खाली आणण्याआधी मदतनीस बाईनं सगळ्यांना कपाटातले रफू झालेले कपडे चढवले होते, त्यामुळं डोळ्यांना तर दिसणार नव्हतं. तात्यांनी भिंग काढून खिशात ठेवलं, डोळे मिटले आणि पहिल्या म्हाताऱ्याची बाही दोन बोटांत धरली. काठापासून आत हळूहळू सरकत गेले. "इथं," ते म्हणाले. डॉक्टरांनी बाही वर सारली. खाली कातड्यावर, अगदी त्याच रेषेत, काळपट वळ होता. मॅडमनी लिहिलं. पुढची बाही. "इथं." पुन्हा वळ. काहींचे सुकलेले होते, काहींचे ओले. कुणी रडत नव्हतं. एक म्हातारी आपली पाळी यायच्या आधीच हात पुढं करून बसली होती.

ओळ संपली. तात्यांनी डोळे उघडून चेहरे पाहिले. पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"गणिताच्या बाई?"

मग ती मदतनीस बाई, जी इतके महिने गाठोडं आणायची, भिंतीकडं बघत म्हणाली, "त्या गेल्या. शुक्रवारी."

"कुठं गेल्या?" तात्यांनी विचारलं. विचारताना त्यांना कळलं होतं.

"सकाळी उठल्याच नाहीत. त्यांचं कुणी नव्हतं, म्हणून इथूनच सगळं केलं."

मॅडमनी तात्यांकडं पाहिलं, मग हातातल्या कागदाकडं, ज्याच्यावर सोमवारची तारीख होती. हवालदार धुवायच्या कपड्यांचा ढीग उपसत होता. त्यानं त्यातून एक निळा झगा काढला, कॉलर उलटून पाहिली आणि टेबलावर पसरला. लाल दोऱ्यानं अकरा. गाठोडी बंद झाल्यापासून हा कुणी विणला नव्हता. दोन्ही बाह्या मनगटापाशी जाळी झालेल्या, घासलेल्या, चारी बाजूंनी. एका जागी धाग्यांना वाळलेलं रक्त चिकटलं होतं. ज्याला दिसत नाही त्यालाही दिसलं असतं. तात्यांचा हात पुढं गेला, कडेचे लोंबते धागे चिमटीत गोळा करायला लागला.

"हात लावू नका," मॅडम म्हणाल्या. हळू म्हणाल्या. "हे असंच राहू दे."

तात्यांनी हात मागं घेतला. झगा पाकिटात गेला, पाकिटावर लाख लागली, आणि हवालदारानं दाखवलं तिथं तात्यांनी सही केली. बाहेर गाड्या आल्या होत्या. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला घरी, याच्या याद्या होत होत्या. घरांना फोन गेले होते. काही फोन कुणी उचलत नव्हतं. औषधवाला येऊन दारात थांबला होता. आतही येत नव्हता आणि परतही जात नव्हता.

त्याचे वडील खुर्चीतच होते. तात्या दाराकडं निघाले तसा म्हाताऱ्यानं त्यांच्यापुढं हात केला. मघाशी तपासलेलाच हात. डॉक्टरांनी त्याला मलम लावून बाही पुन्हा खाली ओढली होती.

"तुमचं झालं, बाबा," तात्या म्हणाले. "तुमचं लिहून घेतलंय."

म्हाताऱ्याला ते पोचलं नाही. त्याचा हात हवेत तसाच राहिला. दारातून त्याचा मुलगा बघत होता. तात्या पुन्हा खाली बसले, दोन बोटांत ती बाही धरली आणि काठापासून सावकाश आत सरकत गेले.

"इथं," ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि दुसरा हात पुढं केला.